घरच्या ओव्हनचं तोंड पूर्वेकडे वळवा

मराठी मध्यमवर्गीय घरात ओव्हन आता रुळला आहे. 2020 च्या टाळेबंदीत अनेकांनी पहिल्यांदा यीस्टची पुडी फोडली, कुकरमध्ये शिट्टी काढून केक भाजणाऱ्यांनी ओटीजी घेतला, आणि ओळखीत कुणी ना कुणी घरून केकच्या ऑर्डरी घेऊ लागलं. पण या ओव्हनमधून बाहेर काय पडतं ते पाहिलं, तर चित्र फार एकसुरी दिसतं. प्रीमिक्सचा स्पंज, त्यावर व्हिप क्रीम, वाढदिवसाला चॉकलेट ट्रफल, नाताळात प्लम केक, मधूनच ब्राउनी नाहीतर बनाना ब्रेड. जे घर गोडा मसाला कुणाच्या हातचा यावर तासभर वाद घालतं, तेच घर ओव्हनसमोर उभं राहिलं की व्हॅनिला इसेन्सच्या चार थेंबांवर समाधान मानतं. माझं म्हणणं असं, की घरच्या बेकिंगने गुरू चुकीचा निवडला. आपल्या हवेला, आपल्या डब्यांतल्या जिनसांना आणि आपल्या जिभेला जवळचं बेकिंग युरोप-अमेरिकेत नाही. ते जपान, तैवान, फिलिपिन्स, मलेशिया या पट्ट्यात आहे आणि त्यातली निम्मी कौशल्यं आपल्याला आधीपासूनच येतात.

हवेपासून सुरुवात करू. लोण्याचा युरोपीय केक हा मुळात थंड हवेचा पदार्थ. लोणी आणि साखर फेसून त्यात हवा कोंडायची, ही त्याची पहिली पायरी. त्यासाठी लोणी मऊ हवं पण वितळलेलं नको, म्हणजे साधारण 18 ते 20 अंशांचं. नागपूरच्या किंवा जळगावच्या मे महिन्यात हे तापमान वातानुकूलित खोलीतही मुश्किलीने मिळतं. वरच्या क्रीमची कथा तीच. खऱ्या सायीचं फेसलेलं क्रीम उकाड्यात टिकत नाही, म्हणून बाजाराने पाम कर्नेलसारख्या वनस्पती तेलाचं, दूध नावालाच असलेलं टॉपिंग दिलं, आणि घरगुती केकवर आज बहुतेक तेच दिसतं. 2022 पासून ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्क्यांवर आल्याने त्यातली एक काळजी कमी झाली. चव काही वाढली नाही. आता आपल्यासारख्याच उकाड्यात राहणारी माणसं काय करतात ते पाहा. सिंगापूर-मलेशियातला पांदानचा शिफॉन केक लोण्याऐवजी तेल, नारळाचं दूध आणि फेसलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर उभा असतो. त्याला क्रीमचा थर लागत नाही. त्याचा सुगंध ज्या पानाचा, ते आपल्याकडेही काही परसांत असतं. कुणी त्याला अन्नपूर्णेचं पान म्हणतात, कुणी बासमतीचं, आणि साध्या भातात घालून तो वासाचा करतात. बासमतीच्या वासामागे जे मुख्य रसायन आहे तेच या पानातही आहे. सुवासिक तांदळाच्या वासावर जीव टाकणाऱ्या माणसाला हा केक परका वाटायचं कारण नाही.

इतिहासाचा एक धागाही इथे जोडावा लागतो. 1510 मध्ये गोवा, 1511 मध्ये मलाक्का, 1557 मध्ये मकाव आणि 1571 मध्ये नागासाकी, अशी पोर्तुगीजांची व्यापाराची वाट पूर्वेकडे सरकत गेली. या वाटेच्या एका टोकाला पाव रुजला आणि दुसऱ्या टोकाला अंड्या-साखरेचा केक. गोव्यातल्या पोदेरांनी यीस्टऐवजी माडाची सूर घालून पाव फुगवला. नागासाकीत तो केक कास्तेला म्हणून राहिला. त्यात लोणीही नाही आणि दूधही नाही. पुढे त्यात स्टार्चपासून काढलेला दाट पाक आला आणि त्याने केकला आजचा ओलावा दिला. पावाच्या बाबतीत तर जपानची गोष्ट आणखी बोलकी आहे. किमुरा यासुबेई या माजी सामुराईने 1869 मध्ये टोकियोत बेकरी काढली. जपानी माणसाला कोरडा पाव आवडेना आणि यीस्टही सहज मिळेना. तेव्हा त्यांनी वाफवलेल्या गोड मांजूचा अनुभव कामी आणला, भात आणि कोजी नावाची बुरशी यांच्या विरजणाने पीठ आंबवलं आणि पावाच्या पोटात गोड डाळीसारखं शिजवलेलं अझुकीचं सारण भरलं. 1874 चा हा आनपान दुसऱ्या वर्षी मेइजी सम्राटांपुढे ठेवला गेला, आणि तो आजही जपानच्या कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. आपल्याकडे पाव जपानइतकाच जुना. वडापाव, मिसळपाव, पावभाजी ही आपली करामत कमी प्रतीची नाही. पण पावाबरोबर काय खायचं एवढंच आपण शोधलं. पाव कसा करायचा हा प्रश्न बेकरीवर सोडून दिला. घरात पाव आला तो कागदात गुंडाळूनच.

आता मूळ मुद्दा, कारण माझा सगळा भर त्यावर आहे. जपानी किंवा तैवानी मिल्क ब्रेड इतका मऊ का असतो आणि तिसऱ्या दिवशीही का वाळत नाही, याचं उत्तर लोण्यात किंवा दुधात फारसं नाही. पिठाचा छोटा भाग आधी शिजवून घेण्यात आहे. जपानी पद्धतीत पिठावर उकळतं पाणी ओततात. तैवान-हाँगकाँगकडच्या तांगझाँग पद्धतीत एक भाग पीठ आणि पाच भाग पाणी मंद आचेवर 65 अंशांपर्यंत नेऊन खिरीइतकं दाट करतात. तैवानच्या युव्हॉन चेन यांच्या 2007 च्या पुस्तकानंतर ही रीत जगभरच्या घरगुती बेकरांत पसरली. होतं काय, तर उष्णतेने स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि ते पाणी धरून ठेवतात. त्यामुळे पिठात नेहमीपेक्षा जास्त पाणी मावतं, तरी ते हाताला चिकट लागत नाही, आणि भाजल्यावरही पाव ओलसर राहतो. हे वाचून मोदक करणाऱ्या कुणाच्याही ओठांवर हसू यावं. उकळत्या पाण्यात मीठ-तूप आणि तांदळाची पिठी घालायची, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणायची आणि गरम आहे तोवर तेलपाण्याचा हात लावून मळायची: ही उकड म्हणजे तेच शास्त्र. तांदळात ग्लुटेन नाही, म्हणून मोदकाच्या पारीला एकत्र धरण्याचं सगळं काम शिजलेल्या स्टार्चला करावं लागतं. पावात तो ग्लुटेनचा मदतनीस असतो, एवढाच फरक. यूट्यूबवर कुणी परदेशी माणूस तांगझाँग समजावू लागला की आपण वही घेऊन बसतो, आणि भाद्रपदात घरोघरी तेच होत असतं.

या जुन्या ज्ञानाचा नवा उपयोग कणकेच्या पावात आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. बाजारातला ब्राउन ब्रेड कितपत कणकेचा असतो हे पाकिटावरची जिनसांची यादी वाचली की कळतं. घरी मात्र कणकेचा पाव केला की तो विटेसारखा बसतो, आणि दोष यीस्टला दिला जातो. खरा दोष पाण्याचा असतो. चक्कीवर दळताना गव्हाच्या स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात चिरडतात, आणि चिरडलेला स्टार्च भरपूर पाणी पितो. पोळी मऊ होते ती त्यामुळेच. वर कोंडा ग्लुटेनचे धागे कापत राहतो. मैद्यासाठी लिहिलेल्या कृतीत पिठाच्या 60 ते 65 टक्के पाणी असतं, तेच कणकेला घातलं तर ती तहानलेलीच राहते. तिला 75 टक्के किंवा त्याहून जास्त लागतं. 300 ग्रॅम कणकेतली 20 ग्रॅम बाजूला काढून 100 ग्रॅम पाण्यात किंवा दुधात तिची उकड काढली, ती गार करून बाकीच्या पिठात मिसळली आणि भिजवून अर्धा तास तशीच ठेवून मग मळली, तर पाव मैद्याइतका उंच होणार नाही, पण डब्यात देण्याजोगा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न भाजता खाण्याजोगा नक्की होतो. यात विकत आणायची गोष्ट यीस्टशिवाय एकही नाही.

आनपानची वाट धरली तर पुरणाचा बन समोर येतो, आणि तो जोडूनतोडून केलेला वाटत नाही. अझुकीचं सारण आणि हरभऱ्याच्या डाळीचं पुरण यांची जातकुळी एकच: शिजवून वाटलेलं कडधान्य, त्यात गोड, आणि आटवणं. पोळीच्या पुरणाची कसोटी इथेही तीच लागू होते, उलथनं उभं राहिलं पाहिजे. किंबहुना बनसाठी ते आणखी थोडं कोरडं हवं, कारण गूळ हवेतली आणि पिठातली ओल ओढतो आणि बनची खालची बाजू गिच्च होते. जायफळ-वेलची तीच. ज्यांना पुरणपोळी लाटताना फाटते त्यांना बन भरणं सोपं जाईल, हा आणखी एक फायदा. आता तांदळाच्या पिठाचे केक घ्या. फिलिपिन्सचा बिबिंका तांदूळ आणि नारळाच्या दुधाचा. मातीच्या पात्रात केळीचं पान घालून, खाली आणि वर निखारे ठेवून तो भाजतात, आणि 16 ते 24 डिसेंबरच्या पहाटेच्या प्रार्थनांनंतर चर्चबाहेर गरमागरम खातात. 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला गोव्याचा बेबिंक वेगळा, थरांचा आणि अंड्याच्या बलकाचा, पण वरून आच देऊन एकेक थर तांबूस करण्याचं त्याचं तंत्र त्याच घराण्यातलं. आणि कोकणातलं धोंडस? काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, आणि झाकणावर निखारे. तो आपला स्वतःचा केक आहे. ओव्हन आल्यावर आपण त्याला विसरलो आणि बनाना ब्रेड शिकलो. ओटीजीतली वरची सळई झाकणावरच्या निखाऱ्यांचंच काम करते, तेव्हा धोंडस त्यात जसंच्या तसं होतं.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही, आणि अजूनही बहुसंख्य घरांत तो नाहीच, त्यांना पूर्वेकडचं बेकिंग आणखी सोयीचं आहे. चीनच्या घरात गव्हाचा पाव परंपरेने भाजत नाहीत, वाफवतात. मांतौ हा सारणाविना आणि बाओ सारणाचा. दोन्ही यीस्टने फुगवलेल्या पिठाचे, आणि दोन्ही मोदकपात्रात बारा-पंधरा मिनिटांत होतात. झाकणाचं पाणी वर पडू नये म्हणून फडकं बांधायचं, गॅस बंद केल्यावर लगेच झाकण उघडायचं नाही, हे तिथल्या आजीलाही सांगावं लागत नाही आणि इथल्याही. सारण मटकीच्या कोरड्या उसळीचं करा, कोलंबीच्या सुक्याचं करा. तैवानच्या बेकऱ्यांत पातीच्या कांद्याचा मऊ बन मिळतो, आणि पातीचा कांदा आपल्या मंडईत वर्षाचे बरेच महिने असतो.

यावर पहिला आक्षेप अस्सलपणाचा. हे सगळं म्हणजे आणखी एक फ्युजन, शेजवान डोसा आणि तंदुरी मोमोच्या पंगतीतलं, असं कुणी म्हणेल. शेजवान चटणीला नाकं मुरडण्यात मला रस नाही. नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लबात चिकन मंच्युरियन केलं तेव्हा आलं-लसूण-मिरचीला सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरची जोड दिली, आणि त्यातून भारतीय चायनीजचा एक सबंध ओघ निघाला. ते हॉटेलचं कसब होतं आणि चांगलं कसब होतं. पण घरी त्याचं जे झालं, ते बाटलीचं राज्य. तीन बाटल्या आणल्या की ‘एशियन’ झालं, मग खाली नूडल्स असोत की भात की डोसा. यात शिकण्यासारखं काही उरत नाही, कारण बाटली संपली की चवही संपते. कृती उसनी घेतली तर ती घरातल्या जिनसांवर चालवता येते, आणि दोन-तीन वर्षांत तिचं उसनेपण कुणाला आठवतही नाही. किमुरांनी सारणाची बाटली आणली नव्हती. एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे: काही गोष्टी जिनसेशिवाय होत नाहीत. मोचीला लागणारा चिकट तांदूळ वेगळ्याच जातीचा असतो, त्यात जवळजवळ सगळा स्टार्च अमायलोपेक्टिन प्रकारचा असतो. आंबेमोहोर कितीही आसट शिजला तरी त्याच्या पिठीची मोची होणार नाही. तिथे हट्ट करू नये.

दुसरा आक्षेप प्रकृतीचा, आणि तो खरा आहे. पुरणाचा बन हा गोडच. शिफॉन केकात साखर असतेच. मी त्याला पौष्टिक म्हणून विकणार नाही. तुलना मात्र योग्य गोष्टीशी व्हावी. क्रीमच्या केकाच्या एका तुकड्यात वरचा थरच निम्मा असतो. या पदार्थांना थरच नाही, आणि कणकेचा पाव किंवा वाफवलेला बाओ यांत गोड जवळपास नाही. अंड्याचं म्हणाल, तर ज्या घरात अंडं चालत नाही तिथे कास्तेला आणि शिफॉन बाजूला राहतील, पण मिल्क ब्रेड, पुरणाचा बन, बाओ, धोंडस यांतल्या कशालाही अंडं अनिवार्य नाही. उलट अंड्याविना केक फुगवण्यासाठी जी कंडेन्स्ड मिल्क आणि सोडा-व्हिनेगरची कसरत चालते, ती इथे वाचते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि गंमत म्हणजे खाद्यलेखनात तो क्वचितच घेतला जातो. घरी करा, घरी करा म्हणायचं, पण करायचं कुणी? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला 299 मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष 97. त्यातही घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांची संख्या मुळात थोडी. अशा घरात रविवारी घरच्या पावाची भर घालणं म्हणजे कुणाच्या तरी सुट्टीवर दरोडा. माझं उत्तर दोन भागांचं आहे. यीस्टच्या पिठाला वेळ लागतो, हात थोडाच लागतो. रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवलं की ते सकाळपर्यंत आपल्या चालीने फुगतं. पोळ्यांसारखं तव्यासमोर उभं राहावं लागत नाही. दुसरं, मळणं, तोलणं, वेळ बघणं ही कामं पिढीजात हातवळणाची नाहीत. ज्याला पोळी लाटता येत नाही तोसुद्धा पहिल्याच दिवशी ती करू शकतो. ‘मला जमत नाही’ ही पुरुषांची जुनी सबब ओव्हनसमोर टिकत नाही. आणि एवढं असूनही घरात ते काम एकाच माणसाच्या गळ्यात पडणार असेल, तर खुशाल बेकरीत जावं.

बेकरीत जाणं तसंही काही बाबतींत शहाणपणाचं. लादीपाव घरी करण्यात अर्थ नाही. मोठ्या भट्टीची आच, एकमेकांना चिकटून फुगलेल्या पावांची लादी आणि ती किंमत घरी साधत नाही. क्रॉसाँच्या वाटेला तर आपल्या उकाड्यात जाऊच नये. घरी करायचं ते जे बाजारात धड मिळत नाही: खरोखर कणकेचा मऊ पाव, पुरणाचा बन, धोंडस, घरच्या सारणाचे बाओ.

अडचण राहते ती लिखाणाची. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप घालून मराठी स्वयंपाक नवख्या हातांना सोपा केला, आणि भाजी-आमटीला ते माप पुरेसं आहे. यीस्टच्या पिठाला ते पुरत नाही. वाटीभर कणीक चाळून भरली की दाबून, यावर सहज 20-25 ग्रॅमचा फरक पडतो, आणि तेवढ्याने पीठ घट्ट किंवा पातळ होतं. आज मराठीत बेकिंगच्या कृती भरपूर आहेत, पण त्यांतल्या कित्येकांत इंग्रजी कपाची वाटी झालेली असते, मैद्याच्या जागी नुसतं ‘कणीक’ लिहिलेलं असतं आणि पाणी तेवढंच ठेवलेलं असतं. थंड देशातला दीड तासाचा फुगण्याचा वेळही तसाच उतरवलेला असतो, आणि मुंबईच्या उकाड्यात तोवर पीठ फुगून बसलेलंही असतं. कृती लिहिणाऱ्यांनी ग्रॅममध्ये लिहावं, कणकेचं पाणी वेगळं द्यावं, आणि घड्याळाऐवजी ‘दीडपट होईपर्यंत’, ‘बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरेपर्यंत’ अशा खुणा सांगाव्यात. वाचणाऱ्याने एक वजनकाटा घ्यावा. तो अर्ध्या किलोच्या सजवलेल्या केकच्या किमतीत येतो.